द्राक्षाच्या पेटीतून स्टेल्थ मिसाईल बोट

भाची आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिच्या गटाला विषय मिळाला ‘संरक्षण तंत्रज्ञान’. नाशिकच्या पोरांना या विषयात दोनच गोष्टी सुचतात, ओझरची विमानं आणि देवळालीच्या तोफा. निम्म्या वर्गानं मिग करायला घेतलं होतं, उरलेल्यांनी तोफ. ही माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मामा, मला बोट करायचीय. रडारला न दिसणारी, स्टेल्थ.”

मी अंबडच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं पत्र्याचं काम करतोय. इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे, कपाटं, मशिनची कव्हरं. समुद्राशी माझा संबंध म्हणजे वर्षाआड एकदा अलिबाग. पण या बोटींचे फोटो बघायला बसलो आणि तासाभरात लक्षात आलं, अरे, हे तर आपलंच काम आहे. पत्रा कुठे वाकवायचा, किती अंशात वाकवायचा आणि कुठे काटकोन येऊ द्यायचा नाही. फरक एवढाच, की आम्ही आयुष्यभर गुण्या लावून नव्वद अंश जुळवतो आणि इथे नव्वद अंश हाच शत्रू.

आम्ही ती बोट केली. दोनदा बिघडवली, तिसऱ्यांदा जमली. कुणाला करायची असेल तर आमच्या चुका टाळून करा, म्हणून हे लिहितोय.

पहिला सल्ला: एक बोट करू नका, दोन करा. एक जुनी आणि एक नवी. नुसती नवी बोट टेबलावर ठेवली तर बघणारा म्हणेल, “छान आहे,” आणि पुढच्या टेबलाकडे जाईल. शेजारी जुनी असली तर त्याला काहीतरी दिसेल.

जुनी कुठली, यावर घरात वादच झाला नाही. १९७१ साली कराचीवर गेलेली विद्युत वर्गातली बोट. सोव्हिएत युनियननं बांधलेली ओसा जातीची, आपण आठ घेतल्या होत्या. लांबी ३८.६ मीटर, रुंदी ७.६ मीटर, वजन भरल्यावर सुमारे २१० टन, डेकवर चार क्षेपणास्त्रं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी कराचीकडे गेल्या. सोबत किल्तान आणि कच्छल ही दोन मोठी जहाजं होती, कारण या बोटींचा पल्लाही कमी आणि दूरचं बघणारं रडारही तोकडं. निर्घातनं खैबर ही विनाशिका बुडवली, वीरनं मुहाफिज हा सुरुंगशोधक. मार बसल्यावर खैबरवरच्यांनी कळवलं, की विमानांनी हल्ला केलाय. एवढीशी बोट इतक्या लांबून एवढा मोठा घाव घालेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ४ डिसेंबरला आपण नौदल दिन पाळतो तो याच रात्रीमुळे.

नवी बोट म्हणून आम्ही नॉर्वेची श्योल्ड घेतली. स्वीडनची विस्बीही चालली असती. ती पूर्ण कार्बन फायबरची आहे आणि दिसायलाही देखणी, पण लांबी ७२ मीटरच्या वर. टेबलावर फारच जागा खाते. श्योल्ड ४७.५ मीटर लांब, १३.५ मीटर रुंद, २७४ टन, वेग ६० नॉट. म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वर, पाण्यावर! मुंबई-आग्रा रोडला कार या वेगानं पळवली तर मागे बसलेली बायको ओरडते.

माप १:१०० धरा. मीटरचे सरळ सेंटिमीटर होतात, पोरांना भागाकार करावा लागत नाही. जुनी ३८.६ सेंटिमीटर, नवी ४७.५.

आता माझी पहिली चूक. पत्र्याचा माणूस, म्हणून मी पत्रा घेतला. वर्कशॉपमध्ये पडलेलं २४ गेजचं जीआय शीट (जस्त चढवलेला पत्रा), प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशिनवर, दोन तासांत सगळे बेंड मारले, सांधे सोल्डर केले. दिसायला एक नंबर. भाचीनं हट्ट धरला की बोट आहे तर तरंगली पाहिजे. सोसायटीत लग्नाच्या पंगतीचं मोठं घमेलं होतं, त्यात सोडली. डेकपर्यंत खाली गेली, एका बाजूनं पाणी घेतलं आणि सरळ तळाशी. वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बोट बाहेर काढून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. एक किलो चाळीस ग्रॅम. मग रात्री बसून हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. लांबी शंभरपट कमी, रुंदी शंभरपट कमी, उंची शंभरपट कमी. म्हणजे वजन दहा लाख पटीनं कमी व्हायला पाहिजे. २७४ टनांची बोट १:१०० मध्ये फक्त २७४ ग्रॅम भरली पाहिजे! माझी जवळजवळ चौपट जड होती. खऱ्या बोटीची गोष्टही हीच आहे. श्योल्ड पत्र्याची नाहीच. ती फायबर आणि रेझिनच्या थरांची आहे, आणि दोन बाजूंना पाण्यात बुडणारे जे लांब अरुंद भाग असतात, म्हणजे कणे, त्यांच्या मधे पंख्यांनी हवा भरून त्या हवेच्या गादीवर ती उचलली जाते. तेव्हा कुठे ६० नॉट निघतात. पोलादाची केली असती तर तिचंही माझ्यासारखंच घमेल्यात झालं असतं.

तर पत्रा नको. सनबोर्डही नको, तो दिसतो हलका पण एवढ्या मापात वजन खातो. सगळ्यात चांगला निघाला द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा. पिंपळगावच्या साडूकडे पेट्यांचा ढीग पडलेला असतो, त्यातल्या पाच आणल्या. तीन थरांचा पुठ्ठा घ्या, पाच थरांचा धारेवर नीट वाकत नाही. पेटीवर जो छापील भाग असतो तो आत ठेवा. आमच्या पहिल्या तुकड्यावर ‘थॉमसन सीडलेस’ बाहेरच राहिलं होतं.

कापायच्या आधी घडीच्या रेषांवर रिकाम्या बॉलपेननं जोर देऊन ओढा, मग वाकवा. ब्लेडनं अर्धवट चिरू नका, चिरलेली घडी दोन दिवसांत फाटते. पुठ्ठ्यातल्या नळ्या बोटीच्या लांबीच्या दिशेनं येतील असं आखा, नाहीतर बोट मधे पोक काढते.

जुनीचं बांधकाम सोपं आहे, त्यावर वेळ घालवू नका. साधी होडीसारखी निमुळती नाळ (पुढचं टोक), सरळ उभ्या बाजू. वर छोटी केबिन. दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा क्षेपणास्त्रांच्या चार पेट्या, पुढच्या टोकानं किंचित वर उचललेल्या. क्षेपणास्त्र ५.८ मीटरचं होतं, म्हणून प्रत्येक पेटी ७ सेंटिमीटर धरली. पुढे आणि मागे एकेक जुळ्या नळीची तोफ, मागच्या बाजूला गोल डब्यासारखं रडार, मधे डोलकाठी आणि तिच्यावर काड्या, ताटल्या, तारा, काय वाट्टेल ते. डेकच्या कडेनं टाचण्या रोवून त्यांना दोरा बांधा, झालं रेलिंग. जितका पसारा कराल तितकं चांगलं, पुढे कळेल का ते.

नवीवर मात्र थांबा. इथे प्रत्येक कोन मोजायचा.

आधी तळ. ३ सेंटिमीटर रुंदीचे दोन लांब कणे, पुढे निमुळते, त्यांच्या मधे साडेसात सेंटिमीटरची मोकळी जागा. दोन्ही मिळून १३.५ भरते. खालून पारदर्शक पॅकिंग टेप दोन थर, कडा वर ओढून घ्या, तिथूनच पाणी शिरतं. कण्यांवर डेक बसला की बाहेरच्या बाजू. या बाजू पाण्याकडून वर येताना बाहेर झुकवायच्या. मग त्यावरची केबिन उलट, आत झुकवायची. ४ सेंटिमीटर उंचीला १ सेंटिमीटर आत, म्हणजे साधारण १४ अंश. खऱ्या बोटीचा कोन मी फोटोवरून अंदाजानं घेतलाय, पण प्रयोगाला १४ अंश छान चालतो. बाहेर झुकलेली बाजू आणि आत झुकलेली केबिन जिथे भेटतात तिथे एक लांब धार येते. ती धार पुढून मागेपर्यंत अखंड राहू द्या, मधे खाचखळगे नकोत.

बाजू सरळ उभी का नको? भाचीनं हे विचारलं तेव्हा मी तिला आधी आरसे दाखवले. तुम्हीही दाखवा, यातच अर्धं प्रदर्शन आहे. काचवाल्याकडून हाताच्या पंज्याएवढे आरशाचे तीन तुकडे आणा, कडा घासून घ्या. दोन तुकडे काटकोनात उभे करा, तिसरा खाली ठेवा. खोलीचा कोपरा जसा असतो तसा आरशांचा कोपरा झाला. आता एक डोळा मिटून त्या कोपऱ्यात बघा. डावीकडे सरका, उजवीकडे सरका, वर व्हा, कुठूनही बघितलं तरी कोपऱ्यात तुमचाच डोळा तुमच्याकडे बघत असतो. जिथून उजेड आला तिथेच परत. गाडीच्या मागे जो लाल रिफ्लेक्टर असतो, त्याच्या आत असे बारीक बारीक कोपरेच असतात. रात्री लासलगावच्या रस्त्याला कांद्याची ट्रॉली पुढे असते. रिफ्लेक्टर असला तर लांबूनच लाल चमकतो, नसला तर थेट बोनेटसमोर ट्रॉली. दोन्ही वेळा ट्रॉली तेवढीच मोठी असते.

बोटीची बाजू सरळ उभी ठेवली तर समुद्राचं पाणी हाच खालचा आरसा होतो. बाजू आणि पाणी, काटकोन तयार. केबिन आणि डेक, दुसरा काटकोन. तोफेचा बुंधा आणि डेक, तिसरा. जुन्या बोटीवर असे शेकडो कोपरे असतात, प्रत्येक कोपरा रडारला हात हलवून सांगतो, मी इथे आहे. नव्या बोटीवर हे कोपरे शोधून मारायचे असतात. बाजू तिरकी केली की रडारकडून आलेली लहर आकाशात नाहीतर पाण्यात फेकली जाते. लहर नाहीशी होत नाही, फक्त जिथून आली तिथे परत जात नाही. स्टेल्थमधला मोठा भाग हाच. रडारलहर शोषणारे पदार्थ नंतर येतात, आणि माझ्या मते आकार चुकला तर त्यांचा फारसा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, कोन कमी प्रकारचे ठेवा. डावीकडे १४, उजवीकडे १४, मागे १४. एक भिंत १०, दुसरी १७, तिसरी २२ असं केलं तर लहरी दहा दिशांना फुटतात आणि कुठल्यातरी दिशेनं कुणालातरी मिळतातच. आमच्या शॉपमध्ये पोरगं बेंडचा कोन दोन अंशांनी चुकवतं आणि म्हणतं, “चालतंय शेठ.” इथे नाही चालत.

आता झाकपाक. नव्या बोटीवर रेलिंग लावू नका. नांगर, दोर, खुंट सगळं झडपांच्या आड. श्योल्डची आठ क्षेपणास्त्रं मागच्या डेकखाली लपलेली असतात, डागायच्या वेळी झाकण उघडतं आणि नळ्या वर येतात. आम्ही पुठ्ठ्याचं झाकण करून दोऱ्यानं उघडमीट होईल असं केलं, पोरांना तेच सगळ्यात आवडलं. पुढची ७६ मिलिमीटरची तोफ कोनाकोनांच्या खोळीत. विस्बीवाले तर तोफेची नळीसुद्धा खोळीच्या आत घडी करून ठेवतात, आणि इंजिनाचा गरम धूर मागे पाण्याजवळ सोडतात, म्हणजे उष्णता बघणाऱ्या डोळ्यालाही कमी दिसावं. खिडक्यांच्या चौकटी उंच काढू नका, भिंतीच्या पातळीत चिकटवा.

मग चंदेरी करणे. इथे दुसरी चूक झाली, आणि तिचा आम्हाला फायदाच झाला.

स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायचा फॉइलचा रोल होता. दोन्ही बोटींना तोच गुंडाळला, गोंदानं चिकटवला. रात्री लाइट बंद केले, टॉर्च मारला. नवी बोट जुनीपेक्षा जास्त चमकली! भाचीचं तोंड एवढंसं झालं. मी चष्मा लावून जवळून बघितलं. फॉइलला नखाएवढ्या सुरकुत्या पडल्या होत्या. प्रत्येक सुरकुती म्हणजे बारीकसा कोपरा, कुणी इकडे वळलेला, कुणी तिकडे. पुठ्ठ्याचे १४ अंश त्या सुरकुत्यांखाली गाडले गेले होते. खऱ्या बोटीवरही पृष्ठभाग गुळगुळीत ठेवण्यावर एवढा जीव का टाकतात ते मला त्या रात्री समजलं. एखादं झाकण अर्धं उघडं राहिलं, एखादा पाइप बाहेर आला, तरी सगळी मेहनत पाण्यात.

फॉइल काढून टाकलं आणि एसी बसवणारे डक्टला लावतात ती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी आणली. ती जाड असते, सपाट बसते. लावल्यावर चमच्याच्या पाठीनं एकाच दिशेनं घासा, बुडबुडा राहू देऊ नका. आमची नवी बोट सगळं धरून २३१ ग्रॅम भरली, उरलेल्या ४३ ग्रॅमसाठी तळात नटबोल्ट चिकटवले. घमेल्यात सोडली, तरंगली. रंग देऊ नका. खऱ्या बोटीचा रंग माणसाच्या डोळ्यासाठी असतो. आपला टॉर्च म्हणजे रडार आहे आणि रंग दिला तर प्रयोगच होणार नाही.

आता चाचणी. दोन्ही बोटी टेबलावर शेजारी, तुमच्याकडे बाजू करून. खोली पूर्ण काळोखी. तीन मीटर लांब स्टुलावर बसा, डोळे बोटीच्या उंचीला येतील असे. टॉर्च कपाळाच्या बाजूला, कानशिलाला टेकवून धरा. हे महत्त्वाचं आहे, रडारची लहर जिथून निघते तिथेच तिचं उत्तर ऐकलं जातं, म्हणून उजेड आणि डोळा एका जागी पाहिजेत. टॉर्च हातात लांब धरलात तर सगळं चुकीचं दिसेल.

जुनी बोट लखलखते. टेबल थोडं फिरवा, तरी कुठलातरी भाग चमकतोच: पेट्यांचे कोपरे, तोफेचा बुंधा, टाचण्यांचं रेलिंग. नवी काळी राहते. आणि मग वर बघा. छताजवळ एक पांढरी पट्टी पडलेली असते, केबिनच्या आकाराची. १४ अंश झुकलेल्या भिंतीवरून उजेड २८ अंशात वर जातो, तीन मीटरवर तो तुमच्या डोळ्यांपेक्षा दीड मीटरच्या वर गेलेला असतो. गेलेली लहर कुठे गेली ते असं डोळ्यांनी दिसतं. भाचीच्या बाईंना हे दाखवलं तेव्हा त्यांनी स्वतः टॉर्च घेऊन पाच मिनिटं खेळ केला.

“म्हणजे ही रडारला दिसतच नाही?” हा प्रश्न शंभर टक्के येणार. पोरांकडून चुकीचं उत्तर पाठ करून घेऊ नका. दिसते, पण उशिरा दिसते. लहर जाताना पसरते आणि परत येतानाही पसरते, त्यामुळे प्रतिध्वनी सोळापट कमी केला तर ओळखू येण्याचं अंतर फक्त निम्मं होतं. एवढी मेहनत करून निम्मं? पण निम्म्यातच सगळा खेळ आहे. शिवाय पृथ्वी गोल आहे. जहाजाचं रडार १६ मीटर उंचीवर आणि बोट ९ मीटर उंच असेल तर क्षितिजाच्या वर बोट यायला अंतर साधारण २९ किलोमीटर. नाशिकहून त्र्यंबकेश्वर तेवढंच. उंच जहाज क्षितिजावर लांबूनच दिसतं, बुटकी बोट जवळ आल्यावर, म्हणून लहान आणि बुटकं असणं हाही अर्धा स्टेल्थच.

उलट बोटीचा हात किती लांब? ओसाचं क्षेपणास्त्र सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे नाशिकहून निफाड. तेवढं अंतर ते दोन-सव्वादोन मिनिटांत तोडायचं. श्योल्डचं १८५ किलोमीटरच्या आसपास, नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसनं सीएसएमटीला जाऊ तेवढं. आम्ही यासाठी जिल्ह्याचा नकाशा टेबलावर चिकटवला आणि दोरे ताणून दाखवले. मग चौकस पोरगा विचारतो, “२९ किलोमीटरच दिसतं तर १८५ वर नेम कसा धरणार?” बरोबर. बोट स्वतः बघतच नाही. तिला विमान, हेलिकॉप्टर, ड्रोन किंवा किनाऱ्यावरचं कुणीतरी सांगतं. तिनं स्वतःचं रडार चालू केलं तर काळोख्या खोलीत टॉर्च पेटवल्यासारखं होतं, टॉर्चवाला समोरचं बघायच्या आधी समोरचे टॉर्चवाल्याला बघतात. म्हणून अशी बोट बहुतेक वेळ गप्प असते.

आता ते फेकलेलं सुरकुतलेलं फॉइल आणा. टाकलं नसेल तर! आम्ही त्याचा चुरगळून लांबट डोंगर केला आणि नव्या बोटीच्या मागे ठेवला. टॉर्च मारला. सगळा डोंगर चकाकतो आणि त्यात बोट हरवून जाते. नॉर्वेचा किनारा असाच आहे, खडक, बेटं, चिंचोळ्या खाड्या. किनाऱ्याला चिकटून राहिलेली छोटी बोट रडारवर खडकांच्या गर्दीत मिसळते. पांडवलेणीच्या डोंगरासमोरून बकरी चालली तर मुंबई-आग्रा रोडवरून तुम्हाला ती दिसेल का? मोकळ्या मैदानात दिसेल. या बोटींचं खरं घर उघडा महासागर नाही, किनारा आहे, हे त्या चुरगळ्यानं जितकं पटतं तितकं माझ्या बोलण्यानं नाही पटत.

फॉइल उरलंच असेल तर बारीक पट्ट्या कापून मूठभर ठेवा. जुन्या बोटीच्या शेजारी हवेत उडवायच्या, टॉर्चमध्ये बोटीपेक्षा त्याच जास्त चमकतात. याला चॅफ म्हणतात. ७ ऑक्टोबर १९७३ ला सीरियाजवळ लताकिया इथे मिसाईल बोटी पहिल्यांदा एकमेकींशी लढल्या. सीरियाच्या क्षेपणास्त्रांचा पल्ला इस्रायलच्या जवळजवळ दुप्पट, तरी एकही लागलं नाही. इस्रायली बोटींनी जॅमिंग केलं, म्हणजे लहरी सोडून रडार गोंधळवलं, चॅफ उडवलं, क्षेपणास्त्रं भलतीकडे गेली आणि त्या जवळ घुसल्या. (पट्ट्या उडवायच्या आधी वर्ग झाडणाऱ्या मावशींना विचारा. आम्ही विचारलं नाही.)

मग खुर्चीवर चढून वरून टॉर्च मारा. नवी बोटही चमकते, कारण डेक सपाट आहे. हेही दाखवाच, नाहीतर पोरं भाबडी होतात. १९९१ मध्ये आखाती युद्धात कुवेतच्या बुबियान बेटाजवळ इराकच्या बोटींची ब्रिटिश लिंक्स हेलिकॉप्टरांनी धूळधाण केली. मिसाईल बोटींकडे वरून येणाऱ्याला मारायला फारसं काही नसतं. शिवाय वेगात जाणारी बोट मागे पांढऱ्या फेसाची लांब शेपटी सोडते, ती वरून कित्येक किलोमीटर दिसते. आम्ही कापसाची केली, निळ्या कागदावर. आणि अलीकडे, ३१ जानेवारी २०२४ च्या रात्री, क्रिमियात इव्हानोवेत्स ही रशियन मिसाईल बोट युक्रेनच्या बिनमाणसाच्या छोट्या बोटींनी बुडवली. आपल्या नौदलाकडे याच घराण्यातल्या वीर वर्गाच्या बोटी आहेत (१९७१ ची वीर निराळी). मोठ्या जहाजांना छोट्या बोटीनं छळलं, आता छोट्या बोटीला त्याहून छोटी छळतेय. आपल्याकडे पुढच्या पिढीच्या सहा मिसाईल बोटींचा करार मार्च २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी झालाय, सुमारे ९,८०५ कोटींचा. परीक्षकांना असा आकडा आवडतो, तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

शेवटची अडचण मला प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सुचली. हॉलमध्ये काळोख कुठून आणणार? खिडक्या उघड्या, वर ट्यूबलाइट. टॉर्चचा प्रयोग दिसणारच नाही. उरलेल्या द्राक्षपेट्या फोडून, एकमेकींना टेपनं जोडून दीड मीटर लांबीचा बंद बोगदा केला. आतून काळा कागद. एका टोकाला दोन्ही बोटी, दुसऱ्या टोकाला डोळ्यासाठी भोक आणि त्याला अगदी लागून टॉर्चसाठी दुसरं. बोगदा लहान असल्यानं छतावरची पट्टी जवळ पडते, म्हणून वरच्या बाजूला एक फट ठेवा आणि तिच्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवा. वरून वाकून बघणाऱ्याला पट्टी तिथे दिसते.

डोळ्याची भोकं दोन उंचीवर पाडा. आम्ही एकच पाडलं होतं, आठवीच्या उंचीचं. सकाळी दहा वाजता तिसरी-चौथीची रांग लागली आणि भाचीनं दप्तरं एकावर एक रचून त्यांना चढवलं. टॉर्चचे सेल दोन जोड जवळ ठेवा, आमचे जेवणाच्या सुट्टीच्या आतच संपले.